गुलमंडीहून पैठणकडे : दुभंगल्या मनाची वाट (धागा)

१/ गुलमंडीतून टिळक पथाने निघाले की थोड्याच अंतरावर पैठण दरवाजा लागतो. शहराच्या वेशीला ज्या गावाचे नाव मिळाले, ते पैठण येथून सुमारे ५० किलोमीटर. 'दक्षिण काशी' पाहायला गेलेला प्रवासी भारावून परततो, तसा थोडा खिन्न होऊनही परततो. या खिन्नतेला इतिहासात आधार आहे. तोच या धाग्याचा विषय.

२/ संतांच्या कितीतरी आधी हे गाव राजांचे आणि व्यापाऱ्यांचे होते. प्रतिष्ठान ही सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात ते भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहे. येथून मौल्यवान दगड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात.

३/ राजसत्ता गेली, विद्येची सत्ता उरली. धर्मनिर्णयासाठी पैठणच्या ब्रह्मवृंदाकडे पाहिले जाई. परंपरा सांगते की, तेराव्या शतकात आळंदीने वाळीत टाकलेली संन्याशाची चार मुले शुद्धिपत्रासाठी येथेच आली. रेड्यामुखी वेद वदवल्याची कथा सांगितली जाते, ती येथील नागघाटावरची.

४/ घाटावर उभ्या राहिलेल्या यात्रेकरूला रेड्याची कथा रंगवून ऐकवली जाते. मात्र मूळ प्रश्न बाजूला पडतो : या मुलांचा अपराध कोणता? वडिलांनी संन्यास घेतला आणि गुरुआज्ञेने पुन्हा संसार मांडला, त्याचे प्रायश्चित्त मुलांनी का भोगावे? चमत्काराच्या तेजात धर्मसभेचा निष्ठुरपणा दिसेनासा होतो. माझ्या मते पैठणच्या इतिहासातील सर्वांत अवघड जागा हीच.

५/ आता दुसरी बाजू. सोळाव्या शतकात याच गावात एकनाथ जन्मले. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी, दौलताबादच्या किल्ल्यावरचे. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी पाठभेदांनी गढूळ झालेल्या ज्ञानेश्वरीचे संशोधन करून शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या गावाने ज्ञानदेवांकडून शुद्धीचा पुरावा मागितला, त्याच गावच्या माणसाने त्यांच्या ग्रंथाची शुद्धी केली. तीन शतकांनी का होईना, पैठणने दिलेले हे उत्तर आहे.

६/ नाथांच्या आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे मूल कडेवर घेतले, रामेश्वरासाठी आणलेले कावडीतले पाणी तहानलेल्या गाढवाला पाजले. या कथांत नाथांना दोष देणारेही पैठणकरच आहेत. आज मात्र गावाची ओळख नाथांच्याच नावाने आहे.

७/ फाल्गुन वद्य षष्ठीला, नाथांच्या समाधिदिनी, दिंड्या येतात. अनोळखी माणसे एकमेकांच्या पाया पडतात, पंगती उठतात, टाळ-मृदंग थांबत नाहीत. हे पाहून ज्याचे मन हलत नाही, त्याची कीव करावी. आणि त्याच गर्दीत घाटावरची घाण, दर्शनाची रेटारेटी व कर्णे यांचा कलकलाट पाहून ज्याला काहीच वाटत नाही, त्याचीही.

८/ गावाच्या वरच्या अंगाला जायकवाडी धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, १९७६ साली इंदिरा गांधी यांनी उद्घाटन केले. साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. शंभराहून अधिक गावांना त्याची झळ बसली. जलाशयाचे नाव नाथसागर. धरणाखालचे पात्र मात्र अनेकदा कोरडे पडते, आणि षष्ठीच्या स्नानासाठी धरणातून पाणी सोडावे लागते.

९/ गुलमंडीचाही या पाण्याशी संबंध आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी बांधून शहरात पाणी खेळवले. आज शहराची तहान नाथसागरावर अवलंबून आहे, आणि तरीही शहराने नळाला अनेक दिवसांआड पाणी येण्याचा काळ सोसला आहे. गाढवाची तहान ओळखणाऱ्या संताचे नाव जलाशयाला देणे सोपे आहे. त्या नावाला शोभेल असे वाटप करणे कठीण.

१०/ पैठणविषयी बोलताना दोनच सूर लागतात. एक म्हणतो, तीर्थक्षेत्री दोष पाहू नये. दुसरा म्हणतो, सारे थोतांड. मला दोन्ही अपुरे वाटतात. नाथांनी श्रद्धा सोडली नाही आणि गावाचा अन्यायही मान्य केला नाही. त्यांच्या समाधीपाशी उभे राहून आपण यांपैकी एकच निवडण्याचे कारण नाही.

११/ म्हणून दोन अपेक्षा. नागघाटावर रेड्याच्या कथेबरोबर चार मुलांची कथाही ठळक अक्षरांत सांगितली जावी : येथे त्यांना माणूस म्हणून स्वीकारण्यासाठी पुरावा मागितला गेला. आणि नाथसागराच्या काठी, बुडालेल्या प्रत्येक गावाचे नाव दगडावर कोरलेले असावे. याने क्षेत्राचे पावित्र्य उणावणार नाही.

१२/ वाचकांपैकी कुणाचे आजोळ वा मूळ गाव त्या पाण्याखाली गेले असेल, तर त्यांनी गावाचे नाव, तिथल्या देवाचे नाव आणि यात्रेची तिथी येथे अवश्य लिहावी. नोंद राहील.