चांदीच्या ताटातली काटकसर

सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत 18 मे 2025 च्या पहाटे टॉवेलचा कारखाना पेटला. आठजण गेले. कामगारांचं बिऱ्हाड आतच. मालकही तिथंच राहायचा, तोही गेला. आगीनं मालक-मजूर बघितला नाही. राज्य सरकारनं मयतामागे 5 लाख जाहीर केले.

तीनच दिवसांनी, 21 मेला, धुळ्याच्या सरकारी विश्रामगृहात 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. तेव्हा विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. ही समिती असते कशाला? सरकारी खर्चावर नजर ठेवायला! 23 जूनला तिची देशभरातली भावंडं मुंबईत विधान भवनात जमली. चर्चेचा विषय, प्रशासनातली काटकसर. जेवण चांदीचा मुलामा दिलेल्या ताटात. ताटाचं भाडं 550, जेवण 4000 रुपये, पाहुणे सहाशेच्या आसपास, असं पेपरांनी छापलं.

मी मॅट्रिकपर्यंतच शिकलोय, पण भागाकार येतो. 5 लाखाला 4000 नं भागा. एका मुडद्याची सव्वाशे ताटं. भाडं वेगळं!

गोदीत आमच्याकडून नगानग मोजून घेतात. यांचं कोण मोजणार? आणि दौरेच काढायचेत ना साहेब, तर पहाटे चारला अक्कलकोट रोडला काढा. कामगार झोपतात तिथली दारं कुठं उघडतात, तेवढं बघून जा. डबा आम्ही देतो.