आधी पगार, मग बोट

लढाईनंतर घरची वाट बघणारा सैनिक म्हटला की पांढरपेशा लेखकाला चंद्र सुचतो, बायकोचे डोळे सुचतात. पगार एकाला सुचत नाय. मी गोदीत ओझी उचलतो. मुकादमाचं 'उद्या' काय असतं ते मला ठाऊक आहे.

पश्चिम आफ्रिकेतले काळे सैनिक बघा. फ्रान्ससाठी लढले, १९४० साली जर्मनांच्या हाती सापडले, चार वर्षं कैदेत सडले. १९४४ साली सुटले, तेव्हा त्यांच्यापुरती लढाई संपली. आता घर. पण फ्रान्सच्या मोर्ले बंदरात सुमारे ३०० जण बोटीवर चढेचनात. आधी थकलेला पगार, मग बोट. शाबास! बाकीच्यांना सांगितलं, डाकारला देऊ. डाकारजवळच्या थियारॉय छावणीत पोचले, तर तिथंही उद्याच. बामाकोच्या गाडीत बसा म्हटल्यावर एक तुकडी हटून बसली. घर चार पावलांवर, तरी हलले नाहीत. याला मी वाट बघणं म्हणतो.

१ डिसेंबर १९४४ च्या सकाळी साहेबाच्या सैन्यानं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा ३५. इतिहासकार शेकड्यांत मोजतात. वाचलेल्यांपैकी ३४ जणांनाच वर शिक्षा! फ्रान्सच्या अध्यक्षानं याला कत्तल म्हणायला २०२४ उजाडलं. ऐंशी वर्षं, च्यायला.

सेनेगलच्या उस्मान सेम्बेननं १९८८ साली यावर सिनेमा केला. तो स्वतः त्याच फौजेत होता, नंतर मार्सेच्या गोदीत हमाल. आपलाच माणूस. तो सिनेमा वस्तीत लावायचाय. पडदा मी आणतो, प्रोजेक्टर कुणाकडं असेल तर कळवा.