पहिला कॅमेरा कोणता घ्यावा?

वार्षिक परीक्षेचे निकाल लागले म्हणजे दरसाल दोनचार पालक आम्हांस गांठून एकच प्रश्न विचारतात: “सर, मुलानें कॅमेऱ्याचा हट्ट धरला आहे, कोणता घेऊन द्यावा?” प्रश्न लहान दिसतो, परंतु त्याच्या उत्तरापायीं पुष्कळ घरांत महिन्याच्या मिळकतीचा मोठा भाग खर्च होतो, आणि एका मुलाचा किंवा मुलीचा हुरूप त्यावर टिकतो अथवा मावळतो. म्हणून त्याचा विचार येथें जरा सविस्तर करण्याचें योजिलें आहे. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. पहिला कॅमेरा लहान असावा. तो कोणी वापरलेला असला तरी चालेल. उजेडाचें प्रमाण हातानें कमीजास्त करण्याची सोय त्यांत असावी. आणि त्याची किंमत इतकीच असावी कीं तो मुलाच्या दप्तरांत टाकून पाठवितांना आईचा जीव खालींवर होऊं नये.

ह्या मतास बहुतेक पालकांचा विरोध असतो, आणि त्यांचा युक्तिवाद अगदींच टाकाऊ नाहीं. “एकदांच घ्यावयाचें तर चांगलें घ्यावें, स्वस्ताईचा पुढें पश्चात्ताप होतो,” असें ते म्हणतात. कपाट, शिलाईचें यंत्र, पायांतील वहाण यांस हा न्याय लागू पडतो. कॅमेऱ्यास तो लागू पडत नाहीं, याचें कारण असें कीं, घेतेवेळीं मुलास त्याची गोडी खरोखर लागली आहे कीं नाहीं हेंच कोणास ठाऊक नसतें. त्याचें त्यालाहि नसतें. भिंगें बदलतां येणारा मोठा कॅमेरा घरीं आला कीं त्यापाठोपाठ दुसरें भिंग, पिशवी, तिवई यांची मागणी येते. पहिला आठवडा तो सर्वांच्या गळ्यांत फिरतो. मग एखादे दिवशीं तो टेबलाच्या अगदीं कडेवर ठेवलेला दिसतो, वडिलांच्या छातींत धस्स होतें, आणि त्या दिवसापासून त्याची रवानगी कपाटांत होते. किल्ली आईजवळ. पुढें लग्नकार्यास, सहलीस किंवा नाताळांत तो बाहेर निघतो. वर्षांतून पांच दिवस हातीं येणाऱ्या साधनानें कोणती विद्या येणार? पेटी कुलुपांत ठेवून कोणी गाणें शिकलें आहे काय? छायाचित्रण ही तर शेंकडों वाईट चित्रें काढून, तीं वाईट कां झालीं हें पाहून शिकण्याची विद्या आहे. ज्यावर ओरखडा पडला तरी घरांत रडारड होणार नाहीं असा, खिशांत मावणारा पाव किलो वजनाचा कॅमेरा रोज बरोबर जातो, आणि रोज बरोबर जातो म्हणूनच शिकवितो.

लहान कॅमेरा म्हणजे हलक्या प्रतीचा कॅमेरा, हा समज छायाचित्रणाच्या इतिहासाशीं जुळत नाहीं. १८८८ सालीं अमेरिकेंत जॉर्ज ईस्टमन यानें कोडॅक नांवाचा पेटीवजा कॅमेरा विकावयास काढला. त्यांत शंभर चित्रांची फिल्म भरलेली असे, व ती संपली म्हणजे सबंध कॅमेराच कारखान्यांत परत पाठवावा लागे. त्याची किंमत २५ डॉलर, म्हणजे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचीच. परंतु १९०० सालीं त्याच्याच कंपनीनें पुठ्ठ्याच्या पेटीचा ब्राउनी कॅमेरा एका डॉलरला विकावयास आणला, तो मुलांनाहि वापरतां यावा अशा हेतूनें. आणि साध्या घरांतील माणसें आपल्या माणसांचीं चित्रें स्वतः काढूं लागलीं. १९२५ सालीं जर्मनींत ऑस्कर बार्नाक याच्या कल्पनेंतून निघालेला लायका बाजारांत आला. तो सिनेमाची ३५ मिलिमीटरची पट्टी वापरी व कोटाच्या खिशांत मावे. (स्वस्त मात्र तो कधींच नव्हता.) फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनीं आपलें बहुतेक काम ह्या लहानशा यंत्रानें व ५० मिलिमीटरच्या एकाच भिंगानें केलें.

आपल्याकडे एके काळीं बडोद्यास तयार होणारा ॲग्फा क्लिक थ्री पुष्कळ मध्यम स्थितीच्या घरांत असे. त्याच्या एका फिल्मवर बारा चौकोनी चित्रें निघत. विद्यार्थ्यांनीं आपल्या आजोबांस विचारून पाहावें: सबंध सहल बारा चित्रांत बसवावयाची म्हणजे माणूस कळ दाबण्यापूर्वीं दहा वेळां विचार करी. आज कार्डावर हजारों चित्रें मावतात हें सोयीचें खरें. परंतु बाराचा तो नियम आपण होऊन पाळून पाहावा, असें आम्ही सुचवितों. एका दिवसास बारा, अधिक नाहीं, आणि त्यांतील एकहि महिनाभर पुसावयाचें नाहीं. वर्षाकांठीं तींहि चार हजारांवर होतात.

येथें कोणी विचारील कीं, घरोघर मोबाईल फोन असतां कॅमेरा हवाच कशाला? प्रश्न रास्त आहे. पैशाची सोय नसेल तर फोनवरच शिकावें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. उजेड कोणत्या बाजूनें येतो, चौकटींत काय घ्यावें व काय वगळावें, हें फोनवरहि तितकेंच शिकतां येतें. किंबहुना पहिले सहा महिने फोनवरच घालवावे, म्हणजे गोडीची परीक्षा फुकट होते. परंतु त्यानंतर फोन अपुरा पडतो, आणि तो अपुरा पडतो तो त्याच्या हुशारीमुळें. एका दाबासरशीं तो अनेक चित्रें टिपून त्यांचें मिश्रण करतो, अंधारा भाग उजळतो, फार उजळ भाग आवरतो. आणि भिंगाचें छिद्र, ज्यास ॲपर्चर म्हणतात, तें तर बहुतेक फोनांत लहानमोठें करतांच येत नाहीं. चित्र चांगलें निघतें, पण तें चांगलें कां निघालें हें कळत नाहीं. गणिताच्या पुस्तकाच्या शेवटीं दिलेलें उत्तर उतरून घेणाऱ्या मुलासारखी ही स्थिति आहे. फोन हातांत असतां मन एका ठिकाणीं राहत नाहीं हेंहि खरें. पण तें शिक्षकांच्या तोंडून ऐकण्याचा विद्यार्थ्यांस एव्हांना कंटाळा आला असेल, म्हणून सोडून देतों.

आतां दुकानाकडे वळूं. तेथें पहिला आंकडा कानीं पडतो तो मेगापिक्सेलचा. त्यानें दिपून जाऊं नये. चित्र कागदावर उत्तम छापण्यास दर इंचीं ३०० ठिपके पुरेसे होतात. सहा इंच लांब व चार इंच रुंद चित्रास १८०० गुणिले १२००, म्हणजे २१ लाख ६० हजार ठिपके लागतात. भिंतीवर लावण्याजोग्या बारा बाय आठ इंचांच्या चित्रासहि ८६ लाख ४० हजारच. म्हणजे दहा मेगापिक्सेलचा, अर्थात् एक कोटि ठिपक्यांचा, जुना कॅमेरा शाळकरी मुलाच्या सर्व गरजा भागवितो. त्यापुढील आंकड्यांस निराळे पैसे मोजूं नयेत.

खरा प्रश्न विचारावयाचा तो सेन्सरचा, म्हणजे भिंगामागील ज्या तुकड्यावर उजेड पडून चित्र उमटतें त्याच्या आकाराचा. स्वस्त कॅमेऱ्यांत तो बहुधा सुमारें ६.२ बाय ४.६ मिलिमीटर असतो. ज्यास एक इंची म्हणतात तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर भरतो. (इंच त्यांत कोठेंच नाहीं, हें नांव जुन्या टेलिव्हिजन-कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलें आहे.) क्षेत्रफळ काढल्यास दुसरा पहिल्याच्या चौपट निघतो. संध्याकाळीं घरांतील दिव्याच्या उजेडांत हा फरक डोळ्यांस दिसतो. लहान सेन्सरच्या चित्रांत रवाळपणा येतो.

झूमच्या आंकड्यास तर आमचा सरळ विरोध आहे. तीस पट, चाळीस पट झूम असलेल्या कॅमेऱ्यांत बहुधा सेन्सर लहान असतो; दूरचें पाहतांना भिंगांतून उजेड कमी येतो, आणि हात किंचित् हलला तरी चित्र पुसट होतें. तीनपट झूम पुष्कळ झाला. पक्षी जवळ दिसत नसेल तर आपण दोन पावलें पुढें जावें. पक्षी उडाला तर उडाला. डिजिटल झूम म्हणून जें सांगतात तें चित्राचा मधला भाग कापून मोठा करणें होय, आणि तें घरीं कात्रीनेंहि होतें.

कॅमेऱ्यावरील चकतीवर ए, एस व एम हीं अक्षरें, किंवा त्याच अर्थाच्या खुणा, आहेत कीं नाहींत हें मात्र अवश्य पाहावें. घागर भरण्यास नळ किती उघडला आणि किती वेळ उघडा ठेवला या दोन गोष्टी जशा लागतात, तशाच चित्रासहि लागतात. नळाचें तोंड म्हणजे ॲपर्चर, वेळ म्हणजे शटर. २.८ या आंकड्यावर जितका उजेड आंत येतो त्याच्या निम्मा ४ वर येतो. तेव्हां शटर दुप्पट वेळ उघडें ठेवावें लागतें. खोखो खेळणारी मुलगी स्पष्ट टिपावयाची तर सेकंदाचा पांचशेवा भाग हवा; तीच मुलगी पळतांना मुद्दाम धूसर दाखवावयाची तर पंधरावा. हा खेळ ज्यांत हातानें करतां येत नाहीं तो कॅमेरा विकत घेण्यांत अर्थ नाहीं, कारण तें काम घरचा फोन फुकट करीत आहे.

नांवें हवीं असतील तर सांगतों. २००९ चा कॅनन एस ९०, २००८ चा पॅनासॉनिक एल एक्स ३, आणि २०१२ चा सोनी आर एक्स १००: हे तिन्ही खिशांत मावतात आणि तिहींत वरील सोयी आहेत. सोनीचा सेन्सर एक इंची, वजन बॅटरीसह अवघें २४० ग्रॅम. पहिल्या दोहोंचे सेन्सर त्याहून लहान, पण दिवसाउजेडीं त्यांचीं चित्रें आजहि सुरेख येतात. असे नवे लहान कॅमेरे आतां थोडेच निघतात. जपानी उत्पादकांच्या संघाच्या आंकड्यांप्रमाणें २०१० सालीं सुमारें बारा कोटि डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ सालीं तो आंकडा ऐंशी लाखांच्याहि खालीं आला. म्हणून वापरलेल्याच मालाकडे वळावें लागतें. त्यांतहि अलीकडे जुन्या लहान कॅमेऱ्यांचें तरुणांत खूळ माजल्यामुळें कांहींच्या किमती भलत्याच चढल्या आहेत. खुळाचे पैसे आपण देऊं नयेत, दुसरा शोधावा.

वापरलेला कॅमेरा घेतांना घाई करूं नये. भिंग उजेडाकडे धरून तिरपें पाहावें. आंत कोळिष्टकासारखे बारीक तंतु दिसले तर ती बुरशी होय. कोंकणांतून आलेल्या कॅमेऱ्यांत ती विशेष आढळते, व ती काढण्याचा खर्च कित्येकदां कॅमेऱ्याच्या किमतीइतका होतो. कॅमेरा चालू-बंद करून भिंग बाहेर येतांना खरखर वाजतें कीं काय तें ऐकावें. समुद्रकांठची वाळू आंत गेलेली असली तर असा आवाज येतो. छिद्र सर्वांत लहान करून पांढऱ्या भिंतीचें चित्र घ्यावें. त्यांत काळपट डाग सर्व चित्रांत त्याच जागीं दिसले तर आंत धूळ आहे. बॅटरी फुगलेली नसावी, आणि तशी बॅटरी व तसें कार्ड बाजारांत अजून मिळतें याची खात्री आधींच करून घ्यावी. ज्याची बॅटरी मिळत नाहीं तो कॅमेरा फुकट मिळाला तरी महागच. घरीं आणल्यावर पावसाळ्यांत तो कातडी पिशवींत कोंडूं नये. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावा आणि आठ दिवसांनीं एकदां तरी बाहेर काढून वापरावा.

एक गोष्ट पालकांस स्पष्टपणें सांगावयाची आहे. हा प्रश्न आम्हांस बहुधा मुलांसाठीं विचारला जातो, मुलींसाठीं क्वचित्. नवसारीस १९१३ सालीं जन्मलेल्या होमाय व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकल्या आणि वृत्तपत्रांसाठीं छायाचित्रें काढणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रिया ज्या झाल्या त्यांत त्यांचें नांव अग्रभागीं आहे. आरंभीं त्यांचीं चित्रें त्यांच्या पतीच्या नांवानें छापलीं जात. २०११ सालीं त्यांस पद्मविभूषण मिळालें. ज्या घरांत मुलगा व मुलगी दोघेंहि शाळेंत आहेत तेथें कॅमेरा दोघांच्या नांवें घ्यावा, आणि दिवस वांटून द्यावेत.

काय टिपावें, असें विद्यार्थी विचारतात. १९१२ सालीं दादासाहेब फाळके यांनीं कुंडींत वाटाणा पेरून त्यासमोर कॅमेरा एकाच जागीं ठेवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडें थोडें चित्रण केलें. तें पडद्यावर दाखवितांच रोप डोळ्यांदेखत वाढूं लागलें, आणि चित्रपटासाठीं भांडवल मिळण्यास त्याचा उपयोग झाला. फाळक्यांचा तो विलायतेहून आणलेला कॅमेरा स्वस्त नव्हता, हें आमच्या मताविरुद्ध जातें खरें. पण कुंडी व वाटाणा कोणाच्याहि घरीं मिळतो. माणसांचीं चित्रें घेतांना मात्र आधीं विचारावें. बाजारांतली भाजीवाली, रस्त्यावरचा भिक्षेकरी, झोंपलेला म्हातारा यांस आपण कॅमेऱ्याचें खाद्य समजूं नये. ज्याचें चित्र घेतलें त्याला तें दाखवावें, आणि शक्य झाल्यास त्याची एक छापील प्रत नेऊन द्यावी.

ज्या पालकांस वापरलेला कॅमेरा घेण्यापूर्वीं तो आम्हांस दाखवावयाचा असेल त्यांनीं शनिवारीं शाळा सुटल्यावर विज्ञानाच्या खोलींत यावें. मुलास किंवा मुलीस बरोबर आणावें, आणि बॅटरी चार्ज करून आणावी.