वठलेल्या आंब्यावरचा सुतार

वसाहतीमागचा वठलेला आंबा तोडावा, असा अर्ज मीच लिहिला होता. परवा त्याच्या खोडावर सोनपाठी सुतार दिसला आणि अर्ज खिशातच राहिला. पाठ सोनेरी पिवळी, कंबर काळी, काळ्या गळ्यावर पांढऱ्या रेघा, डोक्यावर लालभडक तुरा. मादीच्या काळ्या कपाळावर पांढरे ठिपके असतात, लाल रंग फक्त मागे. ताठ शेपटीचा टेकू देत हा पक्षी उभ्या खोडावर चढतो आणि लांब जिभेने सालीतल्या मुंग्या, अळ्या ओढून खातो. वाचकहो, त्याला दाट रानच लागतं असं नाही. आमराई, विरळ झाडी, शहरातली बागही चालते. घरटं मात्र खोड पोखरूनच. त्याने सोडलेल्या ढोलीत पुढे मैना, पोपट संसार थाटतात. रस्त्यावर झुकलेली फांदी तेवढी कापा, असा नवा अर्ज आता लिहितो आहे.