रोझरीवरचे आक्षेप

वसईतल्या आमच्या अनेक घरांत संध्याकाळची रोझरी मागे पडत चालली आहे. वेळ मिळत नाही, हे कारण मला समजते. गर्दीच्या लोकलमधून रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्याला दोष कोण देईल? पण आता या नाइलाजाला तत्त्वाचे रूप दिले जाते आणि ते मला मान्य नाही. म्हणे, एकच 'नमो मरिया' 53 वेळा म्हणणे ही पोपटपंची. देवाशी मनापासून वाटेल तेव्हाच बोलावे. आणि खरे पाहता आपले कामच आपली प्रार्थना.

पहिला आक्षेप वजनदार आहे, कारण तो येशूच्याच शब्दांचा आधार घेतो. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायात येशू प्रार्थनेतल्या व्यर्थ बडबडीविरुद्ध शिष्यांना बजावतो. पण तिथेच पुस्तक मिटू नये. लगेच पुढे तो त्यांना ठरलेल्या शब्दांची प्रार्थना शिकवतो. 26व्या अध्यायात, गेथसेमनीत, मरण समोर असताना तो तिसऱ्यांदा प्रार्थनेला जातो आणि पुन्हा तेच शब्द उच्चारतो, अशी मत्तयची स्पष्ट नोंद आहे. 136व्या स्तोत्रात तर एकच पालुपद 26 वेळा येते. येशूचा निषेध आहे तो शब्दांचा ढीग रचून देवाला वळवता येते या समजुतीचा. ज्या मुलखात घरोघरी हरिपाठ म्हटला जातो, तिथे पुन्हा पुन्हा घेतलेल्या नामाची बाजू मांडावी लागावी, याचे मला नवल वाटते.

रोझरीत शब्द ओठांवर असतात आणि मन ख्रिस्तचरित्रातल्या एकेका प्रसंगापाशी थांबते. आनंदाची, दुःखाची, गौरवाची रहस्ये त्यासाठीच आहेत. 2002 मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांत प्रकाशाच्या रहस्यांची भर घातली. हे मनन सुटले की रोझरीचा आत्माच जातो, असे पोप सहावे पॉल यांनी 1974 मध्येच बजावले होते. म्हणून टीव्हीसमोर भरधाव उरकलेल्या रोझरीचे समर्थन मी करणार नाही. तिच्यावरचा इलाज ती सावकाश म्हणणे हा आहे, सोडून देणे हा नव्हे.

आणखी एक गोष्ट टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. 'नमो मरिया' घरात दोन भागांत म्हटली जाते: अर्धी आजी म्हणते, उरलेली बाकीचे. थकलेल्याला इतरांचा आवाज सांभाळून घेतो. दोन भावांत अबोला असला, तरी एकाने सुरू केलेली प्रार्थना दुसऱ्याला पुरी करावी लागते. देवाजवळ जाण्याची वाट अशी शेजारी बसलेल्या माणसावरून जाते.

मनापासून वाटेल तेव्हाच बोलायचे, तर मग न वाटणाऱ्या दिवसांचे काय? बाल येशूची संत तेरेजा हिला एकटीने रोझरी म्हणणे फार जड जाई, आणि तिने ते मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. वयाच्या 24व्या वर्षी वारलेल्या या जोगिणीला चर्चने 1997 मध्ये आचार्यपद दिले. मदर तेरेसांची 2007 मध्ये प्रसिद्ध झालेली पत्रे त्याहून हलवून सोडतात. कित्येक दशके त्यांना देवाचे सान्निध्य जाणवत नव्हते, तरी त्यांची प्रार्थना थांबली नाही. जाणवणे हीच जवळिकीची खूण मानली, तर मदर तेरेसा देवापासून दूर होत्या असे म्हणावे लागेल. म्हणणार आहे कोणी?

कामालाच प्रार्थना म्हणणारे ब्रदर लॉरेन्सचे नाव घेतात. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेल मठातल्या स्वयंपाकघरात राबताना या साध्या माणसाला देव सतत सोबत जाणवे, हे खरे. मात्र तो मठात राहत होता, प्रार्थनेच्या नेमलेल्या वेळा पाळत होता, आणि आपली पहिली सुमारे दहा वर्षे फार क्लेशात गेली, असे त्याने स्वतःच सांगितले आहे. ती वर्षे वगळून फक्त त्याचे स्वयंपाकघर आपल्याला घेता येणार नाही.

पाचही रहस्यांना वेळ नसेल, तर एकाच रहस्याच्या दहा 'नमो मरिया' म्हणा. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, मुलांना जवळ बसवा आणि उरलेली अर्धी प्रार्थना त्यांना म्हणू द्या. सुरुवात आज संध्याकाळीच करा.