पुठ्ठ्याचा डबा बनवू द्या

17 सप्टेंबर 2025 ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड शहरात रेल्वे आली. मुलांना ती दाखवून झाली असेल. आता तिचा डबा त्यांना पुठ्ठ्यात बनवू द्या.

कार्यानुभवाच्या नावाखाली अनेक ठिकाणी बाजारातून थर्माकोलचं मॉडेल येतं. बापाचे पैसे जातात, पोराच्या हाताला काही लागत नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेगाड्यांचं संग्रहालय 1998 पासून आहे. तिथल्या गाड्या 1:87 प्रमाणातल्या. शाळेला 1:50 पुरे. जुना निळा आयसीएफ डबा सुमारे 21.3 मीटर लांब, 3.25 मीटर रुंद. म्हणजे पुठ्ठ्यावर 42.6 आणि 6.5 सेंटिमीटर. खिडकी एक मिलिमीटर चुकली की खऱ्या डब्यात ती पाच सेंटिमीटर सरकली. फळ्यावर न कळलेलं गुणोत्तर-प्रमाण इथे कळतं.

आपल्या मोहल्ल्यांत वेल्डर, सुतार, मेस्त्री खूप. त्यांच्या पोरांच्या हातात हुनर असतो, पण नकाशा वाचता येत नाही म्हणून कित्येक जण हेल्परच राहतात. उलट, वर्गातली हुशार मुलं सूत्र पाठ म्हणतात, पट्टी धरायला बिचकतात. या दोघांना एका बाकावर बसवा. पट्टी, कात्री, डिंक आणि चार तासिका, एवढाच खर्च. मुलींना फक्त रंगकामाला बसवू नका. मापं त्यांनाही घेऊ द्या.

शेजारच्या लातूरला रेल्वे डब्यांचा कारखाना उभा आहे. तिथल्या नोकरीची दुआ जरूर मागा, पण आधी पोराच्या हातात पट्टी द्या.