कांदिवलीचा हिशेब गावाला लावू नका

कांदिवलीत कोर्स करून गावी पार्लर काढायला निघालेल्या ताई मला पहिला प्रश्न विचारतात, "मॅडम, खुर्ची कुठली घेऊ?" माझं मत ऐका: खुर्ची नंतर, आधी कॅलेंडर बघा.

इकडे चारकोपला नोकरदार बायका आयब्रो करायला बारा महिने येतात. गावात मोठा पैसा नवरीच्या मेकअपचा. आणि आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नं जवळजवळ बंद! बँकेचा हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही. मुद्राच्या शिशु गटात 50 हजारांपर्यंत कर्ज तारणाशिवाय मिळतं, म्हणून सगळंच उचलायचं? मी तरी नाही म्हणेन. दोरा, वॅक्स हीटर, एक चांगला आरसा आणि घराची पडवी, एवढ्यावर पहिलं वर्ष काढा. कोकणात असाल तर गौरी-गणपतीला मुंबईकरणी घरी येतात, ते दिवस अजिबात सोडू नका.

राहिली उधारी. "पुढच्या महिन्यात देते गं" म्हणणारी नेमकी आपली चुलतसासू असते! तिच्या आयब्रोचे पैसे एक वेळ थांबू देत, वहीत लिहून ठेवा. पण तिच्या लेकीच्या लग्नाचं बुकिंग घेताना निम्मे पैसे आधी घ्याच.